जुना लुक

मैत्रिणीने नवा फ्लॅट घेतला आणि त्याला ‘जुना लुक’ हवा म्हणून ती मला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये घेऊन गेली. मलाच का, तर “तुझं बालपण वाड्यात गेलंय, तुला कळतं.” वाड्यात म्हणजे पुण्यातल्या एका वाड्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण भर दुपारी जोगेश्वरीला सोबत हवी असली की असले तपशील गाळावे लागतात.

छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या, मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. आत शिरल्या शिरल्या तिला आवडली ती पितळी पत्रा ठोकलेली, चाकं लावलेली एक भलीमोठी पेटी. “हे आपलं महाराष्ट्रीयन ना?” दुकानदाराने आमची भाषा ऐकली, माझ्या टिकलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “हां हां मॅडम, पेशवाई.”

तो काठेवाडी पटारा होता. तिकडे लेक सासरी निघाली की कपडे, गोधड्या, भांडीकुंडी पोटात घालून तो तिच्याबरोबर जायचा. भरला की चार गड्यांना हलत नाही, म्हणून खाली चाकं. पेशव्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण मी गप्प बसले. मैत्रीण डोळे मिटून त्यावर कॉफीचे मग ठेवून बघत होती, अशा वेळी इतिहास सांगू नये.

खरं म्हणजे आपल्या घरांत फर्निचर होतंच कुठे? भिंतीत कोनाडे, भिंतीतच फडताळ, लाकडी खुंट्या, दांडीवर धुणं, सकाळी गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या. सगळं घर भिंतींनी सांभाळलेलं आणि माणसं जमिनीवर. सुटं म्हणावं असं काय, तर पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा, कपड्यांची पेटी आणि ऐपत असेल त्याच्याकडे झोपाळा. बाकीचं सामान साहेबांबरोबर आलं आणि फिरंग्यांबरोबर. मुंबईत एकोणिसाव्या शतकात आपल्याच कारागिरांनी विलायती घाटाचे कोच आणि टेबलं शिसवीत जाळीसारखी कोरून काढली, त्याला आज ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणतात. पारश्यांच्या घरांतून ती दिसतात. गोव्याच्या मोठ्या घरांतल्या वेताच्या बैठकीच्या खुर्च्यांत तर मी दिवसभर बसून राहीन. मला यातल्या कशाचंही वावडं नाही. फक्त जोशी-कुलकर्ण्यांच्या दिवाणखान्यात ते सगळं ‘आमचं पारंपरिक’ म्हणून मांडलं की हसू येतं. दुसऱ्यांचे आजोबा विकत आणून आपल्या भिंतीला टेकवायचे!

आणि जे आपलं, ते बुटकं. पेढीवरच्या मुनीमजींचं उतरतं डेस्क घ्या. मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या छातीशी ते बरोबर येतं. आता ते घरी आणून टेबलावर ठेवतात, वर कुंडी ठेवतात. कुंडी घसरते, मग खाली रबर लावतात. चौरंगावर टीव्हीचा सेटटॉप बॉक्स मी स्वतः पाहिलाय. पण कडेलोट म्हणजे भिंतीवर उभा टांगलेला पाट, वर पिवळा दिवा. पाट! ज्यावर बसायचं तो!

आमच्याकडचे पाट सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुल्या. एका पाटाची फुली उचकटलेली होती आणि त्यात परकर अडकायचा. दुसरा डुगडुगायचा. पंगतीत हे दोन्ही मुलांच्या वाट्याला. डुगडुगणाऱ्या पाटावर वरणभात कालवायचा तर एक मांडी गच्च दाबून ठेवावी लागते, हे ज्याला माहीत नाही त्याने पंगतीच्या आठवणी लिहू नयेत. वाड्यात मुंज-लग्न निघालं की घराघरांतून पाट गोळा व्हायचे. म्हणून प्रत्येक पाटाच्या पोटाला, दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये, ऑइलपेंटने मालकाची आद्याक्षरं. जेवणं उठली की सगळे पाट चौकात पालथे घालायचे आणि आम्ही पोरांनी अक्षरं वाचून ज्याचे त्याला पोचवायचे. आमच्या वडिलांचं अक्षर वळणदार, त्यामुळे निम्म्या वाड्याच्या पाटांवर त्यांचाच हात. शेजारच्या काकूंनी एकदा आमचा बरा पाट ठेवून घेतला आणि आईने दोन दिवाळ्या त्यांच्याकडे फराळ पाठवला नाही. पाट परत आला नाही तो नाहीच. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा लाखेवर रंगवलेला पाट आईच्या माहेरून आलेला. तो मात्र पंगतीला कधी निघाला नाही, त्यावर फक्त नवरानवरी आणि गौरी.

तर ओशिवरा. जुनं फर्निचर बघताना मला एक खोड आहे. मी आधी खण ओढते आणि नाक आत घालते. दुकानदारांना हे आवडत नाही. जुन्या खणाला हिंगाचा, वेखंडाचा, डांबराच्या गोळ्यांचा, कधी नुसता उंदरांचा वास असतो. नव्याने ‘जुन्या’ केलेल्याला पॉलिशचा. आमच्या वाड्याच्या चौकात बसणाऱ्या सुताराने मला आणखी एक सांगितलेलं. गोल टेबल दोन्ही बाजूंनी मोजायचं. लाकूड रेषांच्या लांबीला जवळजवळ आखडत नाही, आडवं आखडतं. फळ्या जोडून केलेलं टेबल खरंच जुनं असेल तर गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होतं. मी पर्समधून टेप काढली तेव्हा मैत्रीण दुसरीकडे बघायला लागली.

पटाऱ्याच्या कडीला अधिकच्या चिन्हाचा स्क्रू होता. हा स्क्रू आला १९३०च्या दशकात. मी बोट ठेवलं. “ये तो दो सौ साल पुराना है ना?” “रिपेअर में लगाया होगा, मॅडम.” उत्तर चोख होतं. दोनशे वर्षांत दुरुस्ती होणारच, माझ्या स्वतःच्या गुडघ्याचीही ठरलीय. कायदा मात्र कडक आहे: १९७२च्या कायद्याने साधारणपणे शंभरी गाठल्याशिवाय कोणतीही वस्तू पुराणवस्तू नाही, आणि एकदा ती झाली की देशाबाहेर विकायची सोय नाही. बाजारात याच्या उलट. तिथे वस्तू चार महिन्यांत शंभरीला पोचते. घासायची तारेच्या ब्रशने, आणि वर निळा रंग मारून अर्धा खरवडायचा.

यावर माणसाने कसं वागावं हे दिनकर केळकरांकडून शिकावं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा माणूस अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, वाड्यांचे दरवाजे असं लोक अडगळीत टाकत होते ते जमवत राहिला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं सरकारला देऊन टाकलं. त्या काळात त्यांना लोकांनी वेड्यात काढलं असणार. पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयात मला दरवाजांपुढे जास्त वेळ लागतो. आमचा वाडा पाडला तेव्हा खांब आणि तुळया व्यापाऱ्याने घनफुटावर नेल्या. चांगलं जुनं सागवान, कापलं की आतून मध निघाल्यासारखा रंग. कुणाच्या तरी डायनिंग टेबलात आमच्या ओट्याचा खांब असेल, खिळ्यांची भोकं मुद्दाम तशीच ठेवून.

मैत्रिणीचा भाव पटत आला होता. लिफ्टमध्ये मावेल का, याचा फोन नवऱ्याला चालू होता. मी उगीच दुकानदाराला विचारलं, हे सगळं येतं कुठून. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत सहज म्हणाला, “घरों से. बुढ़िया गुजर गयी, भाई चार, पेटी एक. काट के तो बाँट नहीं सकते ना. फिर फोन आता है.”

आमच्याकडे पाट सहा आहेत आणि आम्ही भावंडं तिघं, तो हिशेब सोपा. सावंतवाडीचा धरला तर एकाला जास्त जाईल, तेवढं चालवून घेऊ. देव्हारा एकच आहे. आई रोज त्याच्यासमोर बसते, म्हणून तो विषय अजून कोणी काढत नाही.