इनटेक बदलल्यानंतरचे तीन आठवडे

माझी गाडी २०११ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर ईटनचा १.९ लिटरचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), कंपनीने सांगितलेली ताकद ५५६ हॉर्सपॉवर. मी मिशिगनमध्ये राहतो आणि गाडीही इथल्याच लॅन्सिंगच्या कारखान्यातली, त्यामुळे जीव जरा जास्तच आहे तिच्यावर.

गेल्या जूनमध्ये तिचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, बदलला. मूळ फिल्टरचा डबा काढला, मोठा शंकूसारखा फिल्टर आणि नवी रुंद नळी बसवली. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ट्यूनिंग (गाडीच्या संगणकातले आकडे बदलणं) लागत नाही. शनिवारी सकाळी सुरू केलेलं काम जेवायच्या आत संपलं. सुपरचार्जरची शीळ आता स्पष्ट ऐकू येत होती, चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता आणि गाडी सुसाट पळतेय असं वाटत होतं. आठवडाभर मी खूश होतो.

माझा मेहुणा पुण्याजवळ चाकणला इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. रविवारी फोनवर त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “दाजी, दिवा लागला नाही हे नका सांगू. फ्युएल ट्रिम किती आहे ते बघा.”

गाडीला लॅपटॉप जोडून बघितलं. ट्रिम म्हणजे संगणक पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती. मूळ डब्यावर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे मुरलेली दुरुस्ती, २-३ टक्क्यांच्या आसपास असायचा, तो अधिक ११ वर गेला होता. म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक ११ टक्के जादा पेट्रोल सोडून ते सांभाळून घेत होता. दिवा लागायला ट्रिम याच्या बराच वर जावा लागतो.

आधी वाटलं, कुठेतरी हवा गळतेय. सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, गॅरेजमध्ये नेऊन धूर सोडून तपासलं. गळती नव्हती. मेहुण्याने मग दोन्ही नळ्या व्हर्नियरने मोजायला सांगितल्या, त्याही मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बसतो बरोबर त्या जागी. नवी नळी सुमारे ५ टक्के रुंद निघाली.

सगळं कोडं या ५ टक्क्यांत होतं. मॅफ सेन्सरमध्ये विजेने तापवलेला बारीक भाग असतो. वाहती हवा त्याला थंड करते आणि त्यावरून हवा किती हे कळतं. पण सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही, त्याच्या तोंडाशी येते तेवढीच मोजतो. उरलेला हिशेब संगणकात आधीच भरलेला असतो: या मापाच्या नळीत हवेचा हा वेग, म्हणजे सेकंदाला इतके ग्रॅम. व्यास ५ टक्के वाढला की क्षेत्रफळ १० टक्के वाढतं, तेवढीच हवा जरा हळू वाहते, सेन्सरला ती कमी वाटते आणि पेट्रोलही कमी सोडलं जातं.

हळू चालवताना ट्रिम हे झाकून टाकतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र संगणक ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत बसत नाही. मॅफच्या आकड्यावर आणि आधी शिकलेल्या दुरुस्तीवर भरवसा ठेवतो, आणि कमी प्रवाहात शिकलेली दुरुस्ती मोठ्या प्रवाहाला नेमकी बसेलच असं नाही. सुपरचार्जर हवा दाबून आत ढकलत असताना मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर नॉक होऊ शकतो, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटतं, आणि नॉकने पिस्टन फुटू शकतात. मला याचीच धास्ती वाटली. ट्यूनिंगवाल्याला गाठेपर्यंत गाडी जपून चालवली.

त्याने एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा) लावून गाडी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली. एका भाग पेट्रोलला संगणक मागत होता ११.७ भाग हवा, प्रत्यक्षात मिळत होतं १२.४. नॉक जाणवला म्हणून संगणकाने स्पार्क ३ अंश मागे ओढला होता, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत होता. म्हणजे जास्त ताकदीसाठी लावलेल्या इनटेकनेच ताकद कमी होत होती.

पुढचं काम मी शेजारी उभं राहून बघितलं. लॅपटॉपवर मॅफचा तक्ता उघडला होता: एकीकडे सेन्सरची हर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, समोर सेकंदाला किती ग्रॅम हवा. खालच्या ओळी त्याने ट्रिमवरून सुधारल्या, वरच्या वाइडबँडवरून, आणि मग रेषेतले खाचखळगे हाताने गुळगुळीत केले. पुन्हा धाव, पुन्हा लॉग. तिसऱ्या धावेला ११.७ मागितलं तर ११.७ मिळालं, नॉक शून्य. एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या मागच्या सेन्सरना त्याने हातही लावला नाही, ते मला फार आवडलं.

सुपरचार्जर आहे म्हणून हे करावं लागलं, असं मात्र नाही. त्याच महिन्यात शेजाऱ्याच्या २००५ च्या मिनी कूपर एस मध्ये आम्ही दोघांनी फिल्टर बदलला. तीही सुपरचार्जरवालीच, १.६ लिटरची. पण तिच्यात मॅफ सेन्सरच नाही. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान यांवरून ती हिशेब करते, त्यामुळे अलीकडची नळी रुंद झाली तरी तिचं गणित चुकत नाही. तिला ट्यूनिंग लागलं नाही. उद्या त्याने सुपरचार्जरला लहान पुली टाकून बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवला तर गोष्ट वेगळी. माझ्या गाडीला असा इनटेकही मिळाला असता, ज्यात सेन्सरच्या जागी नळीचं माप मूळचंच ठेवलेलं असतं. घेण्याआधी मी विकणाऱ्याला हेच विचारायला हवं होतं: सेन्सर बसतो तिथे आतला व्यास किती? घोड्यांचे आकडे नंतर.

हिवाळाभर गाडी झाकून ठेवली. एप्रिलमध्ये बाहेर काढली, दोन दिवस चालवली आणि ट्रिमचा फोटो मेहुण्याला पाठवला: इंजिनाच्या एका बाजूला अधिक १ आणि दुसऱ्या बाजूला उणे १. त्याचं उत्तर आलं, “आता फिरवा, दाजी.”