इंटरसेप्टरवर जिमखाना : पाऊस उघडल्यानंतरची प्रगती

जिमखाना म्हणजे मोकळ्या आवारात खुणेचे शंकू, म्हणजे 'कोन', मांडून त्यांच्यामधून घड्याळ लावून मोटारसायकल फिरवण्याचा खेळ; माझी गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर. पावसाळ्याआधी कोनांभोवती आठचा आकडा पाय न टेकता पुरा होत होता, एवढीच कमाई होती. पाऊस उघडल्यापासून रविवारी सकाळी नियमित सराव चालू आहे, आणि आता एक गोष्ट खात्रीने सांगतो. अवजड गाडीवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो ब्रेक सोडल्यापासून रेस देईपर्यंत. त्या मधल्या क्षणात गाडी नुसती घरंगळत असते. तो क्षण काढून टाकला की बाकीचं सोपं होत जातं.

आधी जागेचं सांगतो, कारण आमच्या साताऱ्यात तोच मोठा प्रश्न आहे. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, त्यामुळे रस्ता म्हटलं की चढ नाहीतर उतार. मैदानं आहेत ती मातीची. शेवटी एमआयडीसीत एका गोडाऊनच्या मालकांनी पुढचं काँक्रीटचं आवार वापरायला दिलं. अटी दोनच: अंगावर पूर्ण सेफ्टी हवी आणि नऊच्या आत आवरायचं. एवढ्या विश्वासाने जागा देणारा माणूस भेटणं हे या खेळात टायरपेक्षाही महत्त्वाचं आहे.

आवार मिळालं तरी लगेच गाडी घालता येत नाही. भिंतीच्या सावलीच्या बाजूला पावसाचं शेवाळ धरलेलं असतं. वाळल्यावर ते काळपट दिसतं आणि काँक्रीटशी एकरूप होऊन जातं. पहाटेचं दव पडलं की पुन्हा बुळबुळीत. ती पट्टी आम्ही सरळ सोडूनच देतो. दुसरं, ऑक्टोबरात आपल्याकडे मिळेल त्या काँक्रीटवर सोयाबीन वाळत घालतात. पोती भरून नेली तरी सांध्यांत दाणे राहतात, आणि गाडी झुकलेली असताना पुढच्या चाकाखाली ते छर्ऱ्यांसारखे फिरतात. म्हणून आधी खराटा, मग कोन. कोन चारच आहेत. बाकीच्या खुणांना फुटबॉलच्या सरावातल्या प्लॅस्टिकच्या बशा, आणि रेषांना कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की.

गाडी इंटरसेप्टर ६५०. पेट्रोलशिवाय २०२ किलो, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४०० मिलिमीटर, दोन्ही चाकं १८ इंची. या खेळासाठी कुणी ही गाडी मुद्दाम निवडणार नाही. पण ज्या जपानमध्ये हा खेळ वाढला, तिथले ट्रॅफिक पोलीस होंडाच्या १३०० सीसीच्या गाड्या कोनांमधून अशा काही फिरवतात की वजनाची सबब पुढे करावीशी वाटत नाही.

वजनाबद्दल एक हिशेब मला फार उपयोगी पडला. ४ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १५ किलोमीटर वेगाला गाडी साधारण २४ अंश झुकावी लागते, २० च्या वेगाला जवळपास ३८ अंश. या गणितात वजन येतच नाही. शंभर किलोची गाडी असो की दोनशेची, त्या वेगाला त्या वळणात झुकाव तेवढाच. वजन जाणवतं ते गाडी झुकवताना, उचलताना आणि थांबवताना, म्हणजे प्रत्येक बदलाच्या वेळी. एकदा वळणात स्थिरावली की इंटरसेप्टर अगदी शांत असते. म्हणून मी झुकावाच्या मागे न लागता या बदलांवरच काम करतोय.

आता तो रिकामा क्षण. कोनाकडे येताना पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप खाली बसतो. पुढचा भाग खाली गेला की हँडलचा कोन उभा होतो, व्हीलबेस किंचित आखडतो आणि गाडी लवकर वळते. ब्रेक एकदम सोडला तर शॉकअप वर येतो आणि गाडी वळण सोडून बाहेर जाते. तेव्हा ब्रेक सोडायचा तो हँडल वळेल तसा, हळूहळू, आणि पुढचा ब्रेक सुटायच्या आत पायातला ब्रेक लागलेला पाहिजे. मग पायातला ब्रेक तसाच धरून अर्ध्या क्लचवर रेस चालू करायची. चेन आधीच ताणलेली राहते, त्यामुळे झटका बसत नाही. पुढे पायाचा दाब कमी होईल तशी गाडी आपोआप ओढायला लागते आणि उभी राहते.

लिहायला चार ओळी लागल्या, पण हात-पाय एका तालात यायला बराच काळ गेला. इथे या इंजिनाचा फायदा होतो. खालच्या आरपीएमला ओढ भरपूर आहे आणि क्लच हलका आहे, त्यामुळे बोटं लवकर दमत नाहीत. एक काळजी मात्र घ्या: पूर्ण हँडल वळलेलं आणि गाडी जवळजवळ थांबलेली असताना पुढच्या ब्रेकवर बोट नको. २०० किलो एकदा कलंडायला लागले की पायाने सावरायच्या भानगडीत पडू नये. क्रॅशगार्ड लावलेला असावा आणि पाय बाजूला घ्यावा. गुडघा गाडीपेक्षा महाग आहे.

इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होतं, पंखा नाही. सतत पहिल्या गिअरमध्ये घिरट्या घातल्या की मांड्यांना धग लागते. थोडे फेरे झाले की आवाराबाहेरच्या रस्त्यावर एक मोकळी चक्कर मारून आणतो.

सुरुवातीचा सराव संथ गतीचा, आणि तो मी कधीच वगळत नाही. जपानमध्ये मोठ्या गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत १५ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद फळीवरून निदान १० सेकंद लावून जावं लागतं. म्हणजे चालणाऱ्या माणसाचा वेग. आम्ही तेवढीच पट्टी फक्कीने आखून घेतो. पायातला ब्रेक आणि अर्धा क्लच यांची जोडी इथेच बसते.

आकडे सांगायचे तर, ९ मीटर अंतरावरच्या दोन कोनांभोवती आठचा एक फेरा आधी अकरा सेकंदांच्या वर जायचा, आता साडेनऊच्या आसपास येतो. त्यातला मोठा वाटा नजरेचा आहे. मावसभाऊ घड्याळ घेऊन उभा असतो आणि "दादा, कोनाकडं बघू नगंस, पुढच्याकडं बघ!" असा ओरडत असतो. हनुवटी खांद्यावर येईपर्यंत मान फिरवली की हँडल जास्त वळतं, हे प्रत्येक वेळी दिसतं. डावीकडे हे छान जमतंय. उजवीकडे रेसचा हात अंगाजवळ येतो आणि मनगट अवघडतं, म्हणून तिथे कोपर बाहेर काढून मूठ जरा बाहेरून, स्क्रूड्रायव्हर धरतात तशी धरून पाहतोय. फरक पडतोय.

बसण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. अगदी संथ यू-टर्नला शरीर वळणाच्या बाहेर ठेवून गाडी एकटी झुकवणं बरोबर आहे. पण फेऱ्याचा वेग वाढला की मी गाडीबरोबरच झुकतो. बाहेर बसलं की पुढच्या कोनासाठी अख्खं शरीर पलीकडे न्यावं लागतं, आणि एवढ्या वजनाच्या गाडीवर ती हालचाल वेळ खाते.

पुढच्या रविवारपासून शेवटची चौकट आखणार आहे. स्पर्धेत फेरा संपला की ठरलेल्या चौकटीतच थांबावं लागतं, आणि कोनाला धक्का लागला किंवा पाय टेकला तर वेळेत दंडाचा सेकंद वाढतो. तोच नियम आता घड्याळाला लावायचा. त्यानंतर आडवेतिडवे पाच कोन. साताऱ्यात किंवा कऱ्हाडच्या बाजूला कुणी जड गाडीवर सराव करत असेल, तर उजव्या वळणात मूठ कशी धरता ते जरूर कळवा.