उन्हाळ्यात ‘मत्स्यगंधा’ करताय? आधी सूर सांभाळा

सांगलीत मे महिन्यात संगीत नाटकाचा प्रयोग लावला की तालमीत पक्की बसलेली पदंसुद्धा रंगमंचावर डळमळतात. गायकाला दोष देण्याआधी हवा बघावी.

‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक १९६४ चं. लेखन वसंत कानेटकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. समजा त्यातली सत्यवती काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, आणि पराशर काळी एकमध्ये. तबला थेट काळी चारला चढवण्याचा हट्ट धरू नये. उन्हात तापलेलं पान, म्हणजे तबल्याचं कातडं, तेवढा ताण सोसत नाही, चाट (कडेची पट्टी) फाटते. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक आणि पंचम (प) म्हणजे काळी दोन. त्यामुळे या दोन स्वरांचे दोन तबले पुरतात. रागात मध्यम वर्ज्य असेल तिथं पंचमाचा घ्यायचा. तिसरा मात्र जोडीला हवाच, पान ऐनवेळी फुटतं.

कोरड्या उन्हात कातडं ताणलं जाऊन स्वर चढतो. संध्याकाळी वळवाचं दमट वारं सुटलं की तोच तबला उतरतो. म्हणून मेकअप रूममध्ये लावून आणलेल्या तबल्यावर विसंबू नये. दिवे लागल्यावर, जिथं वाजवायचा तिथंच वीस मिनिटं ठेवून मग लावावा. चढला असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पानाच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, खालून वर हलके ठोके द्यावेत.

तबला लावायचा तो ऑर्गनच्या सुराला, कारण त्याच्या सुरात उन्हानं फारसा फरक पडत नाही. त्याचं दुखणं भात्याचं: त्याचं आवरण वाळून भेगा पडतात. पायटे (पायानं चालवायचे पेडल) मारून हवा ओढावी आणि एकही पट्टी न दाबता थांबावं. भाता लगेच मूळ जागी आला तर गळती आहे, आणि लांब आलापाखाली सूर तुटणार. ही तपासणी आठवडाभर आधी केली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. मिरजेहून तंबोरा आणताना बंद गाडीत उन्हात ठेवू नका, भोपळा तडकतो.

दाढी चिकटवताना नटाला तोंड अर्धं उघडायला सांगा. मिटल्या तोंडानं चिकटवलेली दाढी पहिल्या तानेलाच जबड्याशी सुटते, घामानं तर हमखास. आधी त्वचा स्पिरिटनं पुसून कोरडी करावी, गोंद जरा चिकट होऊ द्यावा, मग केस दाबावेत.

वेळेसाठी काटछाट करावी लागतेच. संवाद कापा, हवं तर एखादं अख्खं पद गाळा. पण ठेवलेल्या पदाआधीचं वाक्य कापू नका. त्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली ऑर्गनवाला षड्ज (सा) भरतो, आणि गायक तोच धरून उचल घेतो.