उगाच जाऊन येण्याचं तिकीट

गुरुवार, रात्री

अक्का आज दुपारी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. हातही चालू, तोंडही चालू. पान वळता वळता म्हणाल्या, "बाई, पुनवेला गाणगापूरला जाऊन यायचं का हो? लई दिवस झाले." मी लगेच हो म्हटलं. मग दोघी हिशेबाला बसलो. गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट, गाणगापूर रोडला उतरल्यावर गावापर्यंत वीसेक किलोमीटर जीप, पुढे संगमापर्यंत रिक्षा, परतीची गाडी चुकली तर एसटी. अक्का पैसे रुपयांत मोजत नाहीत, विड्यांत मोजतात. एवढे रुपये म्हणजे एवढ्या विड्या, म्हणजे पाठ मोडेस्तोवर इतका वेळ बसणं. त्यांची बोटं जरा थांबली आणि त्यांनीच विषय मिटवला, "राहू द्या बाई. काम तरी काय आहे तिथं?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. काम तिथं कधीच नव्हतं. आम्ही इतकी वर्षं गाणगापूरला गेलो, अक्कलकोटला गेलो, पोरं लहान असताना विजापूरचा गोलघुमट दाखवून आणला, ते काय कामासाठी? सकाळी डबा बांधायचा, पॅसेंजरमध्ये बसायचं, रात्री घरी. पैशाची तंगी आमच्याकडे तेव्हाही होती. गिरणी बंद पडल्यानंतर यांनी यंत्रमागावर काम धरलं, माझा बालवाडीचा पगार सांगण्यासारखा नव्हता. तरी गाडीत बसायला कोणाला विचारावं लागत नसे, कारण भाड्याचे पैसे भाजीच्या पैशांतून निघत.

पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट दहा रुपये होतं. एक्स्प्रेसचं तीस, आणि कोरोनानंतर पॅसेंजरलाही तोच दर लागला. होटगी तर सोलापूरच्या दारातलं स्टेशन, तरी एक्स्प्रेसचा दर लागला की तिथंही तीस. शहरातल्या एखाद्या माणसाला हा फरक दिसणारही नाही. दोघी जायच्या, बरोबर एक नात, जाऊन-येऊन तिकिटं, असं धरलं की दिसतो.

आणि ती गाडी! मला आजही तिची सकाळ आठवते. सोलापूर सोडलं की होटगीपर्यंत माणसं जागा बदलत राहायची. तिलाटीला दुधाचे कॅन खाली उतरायचे, अक्कलकोट रोडला स्वामींचे भक्त. (ते स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे, नवखा माणूस तिथं हमखास गोंधळतो.) त्यानंतर डबा निम्मा मोकळा व्हायचा. खिडकीत तुरीची शेतं, काळी माती. बोरोटी, दुधनी. दुधनी गेलं की शेंगा विकणारी बाई मराठीतून कानडीत जायची आणि आम्हाला भाव कानडीत सांगायची. अक्का तिच्याशी तेलुगू-कानडी मिसळून घासाघीस करायच्या. समोरच्या बाकावर बसलेल्या बाईचा डबा उघडला की आमचाही उघडायचा. कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, वर शेंगाचटणी, त्यावर कच्चं तेल. भाकरीचा चुरा मांडीवर पडू नये म्हणून अक्का जुन्या चादरीचा तुकडा अंथरत. ती चादर त्यांच्या मालकांनी मागावर विणलेली, कडेला धागा चुकलेली, म्हणून विक्रीतून बाजूला काढलेली. वास यायचा तिला, घडीत ठेवलेल्या कापूरगोळ्यांचा.

गाणगापुरात दुपारची माधुकरी चुकवायची नाही हा अक्कांचा नेम. बारा वाजता दत्त महाराज स्वतः भिक्षेला येतात, कोणाच्या रूपात ते कळत नाही, म्हणून त्या वेळी झोळी घेऊन उभ्या असलेल्या कोणालाही रिकामं पाठवायचं नाही. अक्का घरून आणलेल्या भाकऱ्या वाटायच्या आणि मग स्वतः पदर पसरून पाच घरी मागायच्या. आयुष्यभर विड्यांवर जगलेली बाई, कोणाकडे कधी हात पसरला नाही, आणि तिथं मात्र हसत हसत पदर पसरते. मला ते बघायला फार आवडायचं. भीमा-अमरजेच्या संगमावर पाय बुडवून बसायचं, औदुंबराखाली थोडं पडायचं. परतीच्या गाडीत दोघींनाही झोप लागायची.

हे सगळं त्या स्वस्त तिकिटावर उभं होतं. आज लिहिताना ते इतकं स्पष्ट दिसतंय की राग येतो.

शुक्रवार

काल रात्री रागात लिहिलं. आज नीट आठवून लिहिते, कारण पुढे कोणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला. २० मार्चपासून ज्येष्ठांची सवलत थांबवली. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नानंतर ५० टक्के होती ती. कारण सांगितलं की म्हाताऱ्या माणसांनी उगाच फिरू नये. तेव्हा ते पटलं, घराबाहेर पडणं धोक्याचंच होतं. दोन दिवसांत गाड्याच बंद झाल्या. नंतर गाड्या सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून, नंबराच्या सुरुवातीला शून्य लावून, आणि पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं. साथ गेली, मास्क गेले, भाडं राहिलं. नवीन वेळापत्रकात देशभर कितीतरी लांबच्या पॅसेंजर कायमच्या एक्स्प्रेस झाल्या आणि छोटे थांबे गेले. थांबा गेला की त्या गावाच्या बाईला स्वस्त असो की महाग, गाडीच नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत शून्य नंबरच्या आणि मेमू-डेमू (जवळच्या पल्ल्याच्या, लोकलसारख्या) गाड्यांना पुन्हा जुनं साधं भाडं लागू झालं. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता, मी अक्कांना सांगायला गेले होते. पण ज्या गाड्या एक्स्प्रेस होऊन गेल्या त्या गेल्याच. आणि ज्येष्ठांची सवलत अजून परत आलेली नाही. मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि ती सवलत नीट वापरायच्या आतच ती बंद पडली. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थर्ड एसीला ती द्यावी असं सुचवलं होतं. तेही झालं नाही.

सरकारचं उत्तर मला माहीत आहे. २०१९-२० मध्ये प्रवासी तिकिटांवर ५९ हजार ८३७ कोटी रुपयांचं अनुदान दिलं, म्हणजे त्या वर्षी सरासरी प्रत्येक प्रवाशाला ५३ टक्के सूट होतीच. तिकिटावरही मध्यंतरी छापून यायचं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. माझ्या एका तिकिटावर ते वाचून मी ओशाळले होते, जणू कोणाचं तरी उसनं घेऊन फिरतेय. आता तसं वाटत नाही. मंगळवारी दुपारी निम्म्या रिकाम्या डब्यात मी आणि अक्का बसलो, तर त्या गाडीला वेगळा कोळसा लागला का? गाडी तशीही जाणारच होती. आम्ही बसलो तर तिकिटाचे चार पैसे आले, नाही बसलो तर बाक मोकळा गेला.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला होता, तो इंजिनियर, इंग्लंडात न्यूकॅसलला असतो. त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काकू, आमच्याकडेही हेच चाललंय." त्यांच्याकडे सकाळची ऑफिसची गर्दी ओसरली की दिवसभर जाऊन येण्याचं स्वस्त तिकीट मिळतं. पूर्वी त्याचं नावच 'चीप डे रिटर्न' होतं. २००८ मध्ये ते बदलून 'ऑफ-पीक डे' झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत मात्र त्याच्याच मार्गावर, लंडन ते न्यूकॅसल आणि एडिनबरो, तिथल्या कंपनीने असली ऑफ-पीक तिकिटं प्रयोग म्हणून काढून टाकली. आता ठरावीक गाडीचं आधी काढायचं, नाहीतर थोडं जास्त देऊन ७० मिनिटं मागेपुढे जायची मुभा घ्यायची, नाहीतर सरळ महाग. "आभाळ बघून सकाळी ठरवायचं आणि निघायचं, ते गेलं," म्हणाला. मला नवल वाटलं. आमच्या अक्का आणि तिथला तो इंजिनियर, दोघांचंही दुखणं एकच.

गर्दी नसताना भाडं कमी, ही कल्पना आपल्याकडे नाही असंही नाही. २०१६ च्या सप्टेंबरपासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला जागा भरत जातील तसं भाडं चढवण्याची पद्धत आली. आणि २०२३ च्या जुलैमध्ये रेल्वे बोर्डाने उलटी सोयही केली. ज्या गाड्यांत आधीच्या तीस दिवसांत निम्म्याहून कमी जागा भरल्या, तिथं २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल. पण कोणाला? एसी चेअर कारला आणि एक्झिक्युटिव्हला, वंदे भारत धरून. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला आपल्याकडे मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. चांगली गाडी आहे, मुलगा मुंबईला जातो तिने, माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की रिकामी एसी खुर्ची दिसली तेव्हा लगेच हिशेब सुचला, आणि रिकामा लाकडी बाक साठ-सत्तर वर्षं आपल्या डोळ्यांसमोर होता तेव्हा कोणाला सुचला नाही.

शनिवार

सकाळी एसटी स्टँडवर चौकशी करून आले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायका हल्ली रेल्वेचं नावच काढत नाहीत. अक्कलकोटला, तुळजापूरला, पंढरपूरला अर्ध्या तिकिटात जाऊन येतात, आणि जावंच. त्या सवलतीने कितीतरी बायका घराबाहेर पडल्या हे मी डोळ्यांनी बघते. पण गाणगापूर कर्नाटकात. अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंत, पुढचं पूर्ण. पलीकडे कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना फुकट आहे, ते त्यांच्या राज्यातल्या बायकांना. आमचं आधार सोलापूरचं. दत्ताला हद्द नाही, तिकिटाला आहे.

शिवाय एसटीत साठीच्या बाईला अडीच-तीन तास एका जागी आखडून बसायचं. गाडीत उठता येतं, चार पावलं चालता येतं, संडास असतो. हे बायकांना विचारा म्हणजे कळेल. अक्कांना साखर आहे. त्या बसमध्ये चढायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत.

मी ज्या बायकांना ओळखते त्यांच्या प्रवासांकडे आता नीट पाहिलं तर सगळ्यांना कारण आहे. दवाखाना, लग्न, मयत, बाळंतीण. कारण सांगितलं की घरात कोणी हिशेब विचारत नाही, तीस असो वा तीनशे. कारण नसलं की पहिला रुपयासुद्धा टोचतो, आणि तो आधी त्या बाईलाच टोचतो. नवरा किंवा मुलगा नको म्हणण्याआधी तीच स्वतःला नको म्हणते, जशा परवा अक्का म्हणाल्या. दहा रुपयांचं तिकीट होतं तेव्हा ही भानगडच नव्हती. एवढ्या पैशांचा जाब कोणी विचारत नसे, मनसुद्धा नाही. विडी कामगार बाईला तेवढी एकच चैन माहीत होती, आणि तिला ती चैन वाटतही नव्हती.

रविवार

आज अक्कांना घेऊन अर्ज लिहायला बसले. विभागीय व्यवस्थापकांच्या नावे लिहायचा, आणि एक प्रत प्रवाशांच्या सल्लागार समितीवरच्या सदस्याला द्यायची. सोलापूरला रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे हे आपलं नशीब, नाहीतर मुंबईला कोण जाणार.

अर्जात तीन गोष्टी घातल्या. ज्येष्ठांची सवलत साध्या दुसऱ्या वर्गाला तरी परत द्या. सोलापूर–वाडी मार्गावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी, सगळ्या थांब्यांवर थांबणारी आणि साध्या भाड्याची एक जोडी ठेवा. आणि सोमवार ते गुरुवार, सकाळच्या गर्दीनंतर, जनरल डब्याचं एका दिवसात जाऊन येण्याचं तिकीट कमी दरात द्या; रिकाम्या एसी खुर्चीला जो नियम लावला तोच इथं लावा. शेवटची मागणी वाचून मुलगा म्हणाला, "आई, भाडं दिल्लीत ठरतं, इथल्या साहेबांच्या हातात नसतं." ठाऊक आहे मला. इथून वर पाठवतील असं लिहिलंय. पाठवलं की नाही ते विचारायला मी महिन्याने पुन्हा जाणार आहे.

अक्का म्हणाल्या, त्यात पौर्णिमेचंही लिहा. मी म्हटलं, पौर्णिमेला गाडी भरते, तेव्हा सवलत मागणं बरोबर नाही. त्यांना ते पटलं नाही. बराच वेळ वाद घातला त्यांनी, आणि त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. गरीब माणूस सणालाच निघतो, सण सोडून मंगळवारी सवलत दिली तर खाडा धरून जायचं का? हजार विड्या भरल्या नाहीत तर त्या दिवशी हातात काय? शेवटी चौथा मुद्दा घातला: पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला साध्या भाड्याची एक जादा गाडी.

गल्लीतल्या बायकांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. काहींचे अंगठे आहेत, अक्कांची सही तेलुगूत. बुधवारी दोघी मिळून कार्यालयात देऊन येऊ आणि पोच घेऊ.