मैदान एक, प्रोफाईल तीन

आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांची नात यंदा पहिलीला जाणार, म्हणून काका म्हणाले, ताई जरा मोबाईलवर बघून सांगा ना महापालिकेची कुठली शाळा बरी. मी स्वतः म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकलेय, म्हटलं त्यात काय, पाच मिनिटांचं काम. अख्खा रविवार गेला.

तर युडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी साईटवर, प्रत्येक शाळेचं प्रोफाईल असतं. 11 आकडी नंबर, महाराष्ट्रातली असेल तर सुरुवात 27 ने (बीएमसीच्या पोरांना फुकट मिळणाऱ्या वस्तूही 27 च, वह्या दप्तर बूट युनिफॉर्म वगैरे, काय योगायोग!). वर्गखोल्या किती, मुलींचं टॉयलेट चालू आहे का, रॅम्प, लायब्ररीतली पुस्तकं, कॉम्प्युटर, सगळं त्यात. मी वहीत रकाने पाडून बसले आणि मग लक्षात आलं की तीन शाळांचा पत्ता सेम टु सेम. मराठी, हिंदी, उर्दू.

मुंबईबाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण इथे महापालिका आठ भाषांत शिकवते, मराठी हिंदी उर्दू इंग्रजी गुजराती तामिळ तेलुगू कन्नड, आणि जागेची तर बोंबच, त्यामुळे खाली एक मिडियम वर दुसरं, मुख्याध्यापक वेगवेगळे, कुठे सकाळ-दुपार शिफ्ट. मैदान मात्र एकच. आणि तिन्ही प्रोफाईलवर "मैदान: आहे". खोटं कुणीच बोलत नाहीये, पण बेरीज केली तर तीन मैदानं झाली ना राव.

काकांच्या सुनेला सीबीएसईच पाहिजे. तिचंही बरोबर आहे, 2020 पासून बीएमसीने तशा शाळा काढल्यात, जोगेश्वरीला पूनम नगरची सीबीएसई, माटुंग्याला वुलन मिलची आयसीएसई, पुढे आणखी निघाल्या. फी नाही आणि बोर्ड असलं, कोण सोडेल? अर्ज इतके आले की लॉटरी काढायला लागली. आणि त्याच महापालिकेच्या मराठी शाळांचे गुरुजी-बाई वस्तीत दारोदार फिरतात, ताई तुमच्या मुलीला आमच्याकडे पाठवा म्हणून. 2022 ला तर एक लाख नवी मुलं आणायची मोहीमच होती. हे प्रोफाईलमध्ये कुठून दिसणार, तिथे नुसता पटाचा आकडा.

शेवटी सोमवारी काकांना घेऊन जवळच्याच मराठी शाळेत गेले. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे रंगवलेले, सातच्या पाढ्यातला 49 पाय पडून पडून पुसलेला, खिचडीचा वास थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत. बाई खुर्ची सोडून पोरांबरोबर खालीच बसलेल्या. मी आपली पुस्तकं किती, कॉम्प्युटर किती विचारत होते. काकांनी एकच बघितलं, घरापासून इथपर्यंत मोठा रस्ता क्रॉस करावा लागत नाही. झालं, ठरलं. सून अजून रुसलेली आहे.

आता गुरुवारी परत जायचंय, जन्मदाखल्यावर आणि आधारवर पोरीच्या नावाचं स्पेलिंग वेगवेगळं निघालंय.