आमची वाटचाल : एका शतांश मिलिमीटरचा धडा

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यशाळेत आज २६ माणसे काम करतात. कोळसा खाणी आणि वीजकेंद्रांतील वाहक पट्ट्यांना लागणारे रोलर, शाफ्ट, बुश आणि कपलिंग आम्ही घडवतो. १९९८ मध्ये एक जुना लेथ, एक ड्रिल आणि भाड्याची अर्धी शेड एवढ्यावर हे काम सुरू झाले. पहिली चार वर्षे कशीबशी तग धरण्यात गेली, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. आमच्या धंद्याला खरा आकार आला तो शहरावर आलेल्या एका आपत्तीतून, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

माझे वडील एम्प्रेस मिलच्या वर्कशॉप खात्यात फिटर होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी १९८६ मध्ये राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये, सव्वाशे वर्षांनी, कायमची बंद पडली. गिरणीतला एखादा दाता किंवा शाफ्ट तुटला, तर नवा भाग बाहेरून येईपर्यंत साचे, म्हणजे माग, थांबवून ठेवणे परवडत नसे. तो भाग वर्कशॉपमध्येच घडवावा लागे, आणि त्यामुळे नुसते कानसीने आणि हाताने माप धरणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. भोंगा बंद झाल्यावर त्यांतले कोणी रखवालदार झाले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी ऑटो चालवू लागले. १९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गेल्याची खंत नागपूरकर आजही बोलून दाखवतात आणि ती रास्तच आहे. परंतु गिरणीबरोबर शिकवणारी माणसे गेली, ही हानी कोणत्याही हिशेबात मांडली गेली नाही. गेलेली नोकरी दुसऱ्या कारखान्याने भरून निघू शकते, पण हाताखालच्या पोराला वीस वर्षे घडवणारा मिस्त्री नव्या कारखान्याबरोबर आपोआप येत नाही.

गिरणी बंद पडली त्या वर्षी वडील आणि त्यांचे एक ज्येष्ठ सहकारी आमच्या शेडमध्ये आले. त्या सहकाऱ्यांना आम्ही सगळे मिस्त्रीकाका म्हणत असू. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलालाही ते पहिला महिना यंत्राजवळ फिरकू देत नसत. ‘आधी हात बसू दे, मंग मशीनले हात लाव,’ असे म्हणून ते त्याच्यापुढे लोखंडाचा ओबडधोबड तुकडा ठेवत आणि तो सहाही बाजूंनी काटकोनात घासायला सांगत. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा आणि फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासायचे. मला त्या वेळी हा वेळेचा अपव्यय वाटे, हे मान्य केले पाहिजे. २००६ मध्ये मिस्त्रीकाका थकून घरी बसले, वडिलांचीही तब्येत खालावली, आणि वाढत्या ऑर्डरच्या घाईत आम्ही ती पद्धत बंद केली.

त्याची किंमत मे २००९ मध्ये मोजावी लागली. एका वीजकेंद्राच्या कंत्राटदाराला दिलेले २४० रोलर काही आठवड्यांत परत आले. बेअरिंग शाफ्टवर घट्ट न बसता त्याची आतली कडी शाफ्टभोवती फिरत होती, त्यामुळे जागा तापून रोलर जाम होत होते आणि पट्टा अडकलेल्या रोलरवर घासला जात होता. आम्ही मायक्रोमीटर तपासला, तो बरोबर होता. माप घेणाऱ्या मुलाने नोंदवलेली मापेही खोटी नव्हती. तीन दिवसांनी उलगडा झाला. लेथवरून काढलेला शाफ्ट गरम असतानाच तो मोजत होता. २५ मिलिमीटर व्यासाचे पोलाद ३५ ते ४० अंशांनी थंड झाले की व्यास साधारण एक शतांश मिलिमीटरने कमी होतो, आणि बेअरिंग घट्ट बसणे किंवा सैल पडणे तेवढ्यावरच ठरते. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश धरलेले आहे. नागपूरच्या मे महिन्यात शेडमधली हवाच ४५ अंशांवर असते. मुलाला मायक्रोमीटर वाचता येत होता, मात्र धातू फुगतो ही शाळेत शिकलेली गोष्ट हातातल्या शाफ्टलाही लागू आहे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. ते दाखवणे माझे काम होते. आमची चार महिन्यांची कमाई त्या फेरकामात गेली, तरी त्या मुलाला मी कामावरून काढले नाही.

त्यानंतर रोजचा पहिला तास उत्पादनाचा न ठेवता शिकण्याचा ठेवला, आणि त्याचा पगार कापला नाही. कानस आणि गुण्या परत आले. शाफ्ट सरफेस प्लेटवर, म्हणजे मापासाठीच्या सपाट पाटावर, निवल्याशिवाय शेवटचे माप घ्यायचे नाही, असा नियम झाला. २०१२ मध्ये कर्ज काढून पहिले सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे, यंत्र घेतले, तेव्हाही त्यावर पहिल्यांदा कानस शिकलेली मुलेच बसवली, आणि वाया जाणारा माल लक्षात येण्याइतका घटला.

पुढचे दुखणे वेगळे होते. २०१२ ते २०१७ या काळात घडवलेल्या ३१ मुलांपैकी १९ जण चाकण आणि रांजणगावला निघून गेले. मला राग येई, आणि आपण पुण्याच्या कारखान्यांसाठी फुकटची शाळा चालवतो आहोत, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवी. पोळ्याला घरी आलेल्या एका मुलाने भेटायला येऊन माझा तो समज खोडला. ‘भाऊ, पगाराचं तर आहेच, पण तिथं दोन वर्षानं मी कोण होईन ते मले ठाऊक आहे. इथं ते कोणी सांगतच नव्हतं.’ तो खरे बोलत होता. आमच्याकडे पगार वर्षांवर वाढे, कौशल्यावर वाढत नसे. २०१८ मध्ये आम्ही पायऱ्या ठरवून भिंतीवर लावल्या: माप घेणे, यंत्र लावणे, ड्रॉइंग वाचणे, प्रोग्रॅम लिहिणे आणि शेवटी दुसऱ्याला शिकवणे. प्रत्येक पायरीला ठरलेली वाढ आहे आणि शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता आहे. मुले अजूनही जातात, पण पूर्वीइतकी नाही, आणि दोघे परत आले आहेत.

शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा तिसाहून कमी माणसांच्या आमच्यासारख्या आस्थापनेवर सक्ती करत नाही, तरी आम्ही उमेदवार घेतो. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १५०० रुपयांपर्यंत, देऊ लागले, त्याचा उपयोग झाला. मात्र लहान कारखान्याचा खरा खर्च विद्यावेतनाचा नसतो. कुशल कामगाराचा रोजचा तास आणि शिकताना बिघडलेला माल हा तो खर्च असतो, आणि तो उचलायला हातात रोकड लागते. लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत द्यावीत असे २००६ चा कायदा सांगतो. एका मोठ्या ग्राहकाने आमची बिले पाच महिने अडकवली, तेव्हा पगार आणि कर्जाचा हप्ता सांभाळण्यासाठी मला पहिली कात्री शिकण्याच्या तासालाच लावावी लागली. शहराच्या विकासाची चर्चा भूखंड, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आणि समृद्धी महामार्ग यांभोवती फिरते. ते सगळे हवेच आहे, पण वेळेवर आलेले बिल माझ्या शेडमधल्या कौशल्यासाठी कोणत्याही सवलतीपेक्षा अधिक करते, असा माझा अनुभव आहे.

यंदा चार उमेदवार आहेत, त्यांपैकी दोन मुली वानाडोंगरीच्या आहेत. मापाच्या टेबलावर आज जी मुलगी बसते, ती तीन वर्षांपूर्वी अशीच उमेदवार म्हणून आली होती. गेल्या उन्हाळ्यात माल भरून गाडी दारात उभी असताना तिने ‘शाफ्ट अजून निवले नाहीत’ म्हणून ४० नग अडवून धरले. मी घाईत होतो, तरी गाडी तासभर थांबवली. निवल्यावर त्यांतले सहा नग मापाबाहेर निघाले.