गंगेच्या पाण्यात उलटे होताना

कोलाडला कुंडलिकेवर मी तीनदा राफ्टिंग केले होते. मुळशीचे पाणी वीज तयार करून झाल्यावर भिऱ्याहून या नदीत येते आणि सकाळी ते सुटले की राफ्ट निघतात. पण राफ्टमध्ये आपण आठ जणांतले एक असतो. वाट गाईड निवडतो आणि आपण त्याच्या हुकमावर वल्हे मारतो. नदी आपल्याला कळली, असे मला तिन्ही वेळा वाटले नाही. ती कळावी म्हणून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, शिकायचे ठरवले आणि नोव्हेंबरात पाच दिवसांसाठी ऋषिकेशच्या वरच्या अंगाला, शिवपुरीला गेले.

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र आल्या की नदीला गंगा म्हणतात, आणि तिथून ऋषिकेशपर्यंत ती डोंगरांमधल्या अरुंद घळीतून वाहते. भर पावसाळ्यात इथे राफ्टिंग बंद असते; नोव्हेंबरात पाणी ओसरून हिरवट, नितळ आणि हाडे गोठवणारे झालेले असते.

पहिला दिवस प्रवाहात गेलाच नाही. काठाजवळच्या संथ पाण्यात मुद्दाम उलटे व्हायचे आणि बाहेर पडायचे, एवढाच धडा होता. कयाकमध्ये बसल्यावर कमरेभोवतीचे रबरी आवरण, म्हणजे स्प्रे स्कर्ट, होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, त्यामुळे आत पाणी शिरत नाही. पण उलटे झाल्यावर तेच आवरण आपल्याला अडकवून ठेवते आहे असे वाटते. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टी बाहेर सोडलेली असते. पाण्याखाली अंग पुढे वाकवायचे, होडीच्या तळावर दोन्ही हातांनी तीन थापा मारायच्या, मग ती पट्टी ओढून पाय सोडवायचे, असा क्रम होता. पहिल्या खेपेला मी थापा विसरले, पट्टीऐवजी होडीची कड चाचपत राहिले आणि नाकातोंडात पाणी जाऊन कशीबशी बाहेर आले. दुसऱ्या खेपेला प्रशिक्षकांनी दोन थापांमध्ये सावकाश आकडे मोजायला सांगितले. मोजता मोजता डोळे उघडले, तर हिरवट उजेडात माझ्या जाकिटातून सुटलेले बुडबुडे माझ्या पायांकडे चालले होते. वर कोणती बाजू, हे मला त्या बुडबुड्यांनी दाखवले, आणि त्यानंतर पट्टी लगेच हाताला लागली.

होडीतून बाहेर न पडता वल्ह्याच्या आधाराने पुन्हा सरळ होणे, म्हणजे रोल, याला पुढचे दोन दिवस गेले. श्वासासाठी डोके आधी वर काढावेसे वाटते, पण डोके वजनदार असते. ते उचलण्यासाठी लावलेला जोर होडीला पुन्हा पालथी करतो. होडी कमरेच्या हिसक्याने फिरवावी लागते. "सिर सबसे आखिर में, दीदी," हे वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही.

चौथ्या दिवशी प्रवाहात उतरलो, आणि ज्यासाठी आले होते ते खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाले. मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलट, वरच्या दिशेला वळते. त्या जागेला सगळे एडी म्हणतात आणि तिथे थांबून पुढची वाट बघता येते. खाली टोक असलेली गुळगुळीत पाण्याची जीभ दिसली, तर बहुधा वाट तिथून असते; टोक वरच्या बाजूला असेल, तर त्या टोकाशी खडक असतो. एडीतून मुख्य धारेत शिरताना होडी आणि अंग धारेच्या दिशेला, म्हणजे खालच्या बाजूला कलवावे लागते. मी घाबरून वरच्या बाजूला कलले. धारेने कड पकडली आणि मी क्षणात पालथी झाले. रोलचा एक प्रयत्न फसल्यावर बाहेर पडले, पाठीवर झाले आणि पाय पुढे, पाण्याच्या वर ठेवले. वाहत्या पाण्यात उभे राहू नये, कारण पाऊल दगडांत अडकले तर प्रवाह माणसाला आडवे दाबून धरतो. काठावरून फेकलेली दोरी दुसऱ्या फेकीत हाती आली. गुडघा सोलवटला होता, पण पाण्याखाली या वेळी मी आकडे मोजले होते, याचा मला फार आनंद झाला.

शेवटच्या दिवशी शिवपुरीहून खाली निघालो. रोलर कोस्टर नावाच्या खळाळाच्या लाटा मी कयाकने पार केल्या आणि मधे एकदा उलटी होऊन रोलने सरळही झाले. पुढे गोल्फ कोर्स नावाचा खळाळ लागतो. आम्ही वरच्या एडीत थांबून तो बराच वेळ निरखला. जीभ कुठून जाते आणि तिच्या टोकाशी पाणी कुठे कोसळून मागे फिरते, हे मला या वेळी स्वतःला दिसले. आणि ते दिसले म्हणूनच मी कयाक सोबतच्या राफ्टवर बांधायला दिला, राफ्टमध्ये बसले आणि हुकमाची वाट बघत वल्हे हातात धरले.